डाव्या पायाचा इलाज

परसरामला त्या जुन्या ऑटोमॅटिक पिकअपमध्ये एकच फायदा दिसला होता: क्लच नाही. डावा गुडघा कामातून गेलेला माणूस आणखी दहा वर्षं स्वतःच्या हातानं गाडी हाकणार, नवेगाव बांधची मासळी गोंदियाच्या बाजारात नेणार, आणि ड्रायव्हरला पगार, चहा, तंबाखूचा खर्रा काही काही द्यावं लागणार नाही.

मग गाडी थरथरू लागली. साठच्या वेगाला, पाय हलका ठेवला की, हिवताप भरल्यासारखी.

"मेलेल्या मासोळ्या उड्या मारून राहिल्या जी," बाजारात मासळी विकणारी नंदाबाई, त्याची बायको, म्हणाली. "दाखवा कोणाले."

गोंदियाचा दुधराम मिस्त्री शेजारी बसून निघाला. थरथर सुरू होताच म्हणाला, "भाऊ, रेस तशीच ठेव. डाव्या पायानं ब्रेकले निस्तं शिव."

परसराम शिवला. थरथर गायब.

"झालं ना गा!"

"झालं काय? आजार सापडला. गिअरबॉक्सात तेलात बुडालेला एक क्लच आहे, वेग आला का आपोआप पकडते. तेल जळलं, म्हून घसरते. ब्रेकले शिवलं का सुटते. या गाडीचंच तेल नागपूरवरून मागव. अठरा हजार."

"अठरा हजार! त्या तेलात का मासोळी तळाची आहे?"

"नको बदलू. गिअरबॉक्स गेला का दोन लाख."

परसरामनं मनाशी मांडणी केली. डावा पाय तर दिवसभर रिकामाच बसलेला. त्याला बिनपगारी कामाला लावला. आधी थरथरली की शिवायचा. मग पाय तिथंच मुक्कामाला राहिला. जळका वास येऊ लागला. नंदाबाई रोज म्हणायची, "तेल टाका ना जी." तो म्हणायचा, "चालून तर राहिली ना!"

ऐन एप्रिलात, भरदुपारी, गोरेगावच्या अलीकडं इंजिन नुसतं ओरडलं. चाक हललं नाही. मासळी तिथंच सडली.

दुधरामनं तेल उतरवलं. काळं, वर लोखंडाची चमचम. "भाऊ, मी तुले नाडी दाखवली. तू तिलेच दवाई समजला."

गिअरबॉक्सचे दोन लाख परसरामकडं नव्हते. क्लचची गाडी त्याला चालवता येत नाही, ही कोणी घेत नाही. घरामागं उभी आहे. हौद्यात कोंबड्या बसतात. तो पायरीवर बसून त्यांना हाकलतो, तेवढंच त्याचं वाहन चालवणं उरलं.

परसरामचे तेलाचे अठरा हजार वाचले. दुधरामचं काही गेलं नाही. नंदाबाई पहाटेच्या एसटीनं जाते, ओली टोपली डोक्यावर. बाजारातून परतली की मान वळत नाही. दंड भरला तिनं.