ब्रेकबाईंची स्टेपनी

अठ्ठावीस वर्षं त्यांनी लोकांना गाडी चालवायला शिकवलं. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं आणि पायाखाली आपला वेगळा ब्रेक ठेवायचा. "ब्रेक!" ही त्यांची आरोळी चार घरं पलीकडे ऐकू जायची, म्हणून सगळे त्यांना ब्रेकबाईच म्हणायचे. त्यांना त्याचं काही वाटत नसे, उलट बरंच वाटे. "माझ्या गाडीत शिकताना एकाचंही साधं खरचटलं नाही," हे त्या नव्या पाहुण्याला चहा यायच्या आत सांगून टाकायच्या.

गुडघ्यांनी दगा दिला आणि काम सुटलं. उरला तो टीव्हीवरचा रविवारचा मोटारींचा कार्यक्रम. त्यात तीन तरणेबांड गडी महागड्या गाड्या वाळूत गरागरा फिरवायचे, धूर काढायचे आणि एकमेकांकडे बघून खिदळायचे.

"अरे, डिकीत दोन बॅगा मावतात का ते सांग ना!" ब्रेकबाई पडद्याला दम द्यायच्या. "बुटक्या बाईचा पाय क्लचला पोचतो का? चाक बदलायचं तर जॅक कुठे लावायचा?"

"त्यांना ऐकू जात नाही," नवरा शांतपणे म्हणायचा. तो शिंपी. उभ्या जन्मात त्यानं स्टिअरिंगला हात लावला नव्हता.

"पूर्वी याच कार्यक्रमात एक गृहस्थ यायचे बघा," ब्रेकबाई म्हणायच्या. "कोटाच्या बाह्या सारून इंजिनचं तेल कसं बघायचं ते दाखवायचे. दिसायला अगदी रटाळ. पण माणूस टीव्ही बंद करून उठायचा तो थेट बॉनेट उघडायचा."

शेवटी त्यांनी वाहिनीला सविस्तर पत्र लिहिलं. दोन ओळींचं उत्तर आलं: सूचनेबद्दल आभार, पण आजच्या प्रेक्षकाला थरार हवा असतो.

"थरार!" ब्रेकबाईंनी चष्मा काढून टेबलावर आपटला. "नवशिक्याच्या शेजारी बसून भर चौक ओलांडा म्हणावं एकदा!"

पत्राची गोष्ट केबलवाल्याच्या कानावर गेली. तो त्यांचाच विद्यार्थी, परीक्षेत तीनदा नापास होऊन चौथ्यांदा पास झालेला. तो घरीच आला.

"बाई, आमच्या चॅनलवर रविवारी अर्धा तास रिकामा असतो. तुम्हीच करा की कार्यक्रम."

"छे, मला नाही जमायचं."

"तिसऱ्यांदा नापास झालो तेव्हा मीही हेच म्हणालो होतो. तुम्ही ऐकलंत का माझं?"

बाईंनी हार मानली. असं क्वचितच व्हायचं.

नवऱ्यानं दोन दिवसांत निळा अंगरखा शिवून दिला, हवा मोजायचा गेज बसेल एवढ्या खोल खिशाचा. दारासमोर त्यांची अकरा वर्षांची छोटी गाडी उभी केली. केबलवाल्यानं कॅमेरा सुरू केला आणि बाई अशा बोलू लागल्या, जणू शेजारी कुणी स्टिअरिंग घट्ट धरून बसलंय. जॅक लावायची जागा दाखवली. गाडी उचलण्याआधी नट का सैल करायचे ते सांगितलं. मग डिकीतून स्टेपनी काढली.

"हे पाचवं चाक. याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही," असं म्हणत त्यांनी गेज लावला.

काटा जवळपास हललाच नाही. चाकात हवाच नव्हती.

बाईंचा चेहरा लालबुंद झाला. केबलवाल्यानं घाईघाईनं कॅमेरा खाली केला. "एवढं कापून टाकतो, बाई. हवा भरून परत घेऊ."

बाईंनी मान ताठ केली.

"कापायचं नाही. कॅमेरा वर घे." आणि त्या सरळ बोलल्या, "अठ्ठावीस वर्षं मी गाडी शिकवली, आणि माझीच स्टेपनी बसलेली आहे. मी वर्षभर बघितली नव्हती. चूक माझी. आता तुम्ही उठा आणि आपापली बघा. मी थांबते."

आणि त्या खरंच थांबल्या. हाताची घडी घालून, पूर्ण एक मिनिट.

रविवारी कार्यक्रम लागला. सोमवारी नवरा स्टेपनी घेऊन पंक्चरवाल्याकडे गेला, तर दुकानासमोर ही रांग! बेकरीवाला, दवाखान्यातली नर्स, दोन टॅक्सीवाले, आणि प्रत्येकापुढे एकेक चाक.

"सकाळपासून नुसत्या स्टेपन्याच!" पंक्चरवाला घाम पुसत म्हणाला. "कुणी बाई टीव्हीवर आली होती म्हणे."

"मी तर तिथल्या तिथे उठून डिकी उघडली," नर्स म्हणाली. "शाळेत बाईंनी उभं केल्यासारखं वाटलं. पण ही टीव्हीवरची बाई चूक स्वतःची म्हणाली हो, तेही सगळ्यांदेखत. आमच्या मोठ्या डॉक्टरांना नाही जमत ते."

शिंप्यानं चाक खाली टेकवलं. एरवी चार शब्दांच्या वर न बोलणारा माणूस, पण आज त्यानं घसा खाकरला.

"ती बाई म्हणजे आमची हीच," तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "आणि तो अंगरखा मी शिवलाय."

रांगेतल्या लोकांनी त्याला पुढे जायला सांगितलं. तो काही गेला नाही. आपला नंबर येईपर्यंत सगळ्यांना बाईंचं कौतुक सांगत तिथेच उभा राहिला.