मुंगीचा पलंग

या, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनो, तुम्हीही या. भिंतीला टेकलेल्या माणसाला गोष्ट कमी आणि झोप जास्त लागते. आज सांगणार आहे त्या गोष्टीत राजा नाही की लढाई नाही. साठीला आलेला एक पॉलिशवाला आहे, अडीच वर्षांची त्याची नात आहे आणि एक पलंग आहे. देवाला माणूस पारखायला एवढे सामान पुरते.

तर पॉलिशवाला गुडघ्यांवर बसला होता आणि पलंगाखालच्या खणात त्याने मान घातली होती. दारात त्याची लेक उभी होती. कडेवर नात. तिला घरात सगळे मुंगी म्हणत, कारण साखरेचा डबा कुठेही लपवा, ही तिथे हजर.

"बाबा, मला अजून पॉलिशचा वास येतोय," लेक म्हणाली.

त्याने डोळे मिटून तीनदा लांब श्वास ओढला. मग उठत म्हणाला, "गेलाय. तुला भिंतीच्या रंगाचा येत असेल."

"नक्की ना? ह्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही, तुम्हाला माहितीये."

"दुकानदारांचं ऐकू नकोस. बापाचं ऐक."

लेकीची ख्याती तशीच होती. मुंगीच्या खोलीसाठी तिने सात दुकाने पालथी घातली होती. प्रत्येक कपाटात डोके घालून हुंगायचे, फळी उलटी करून बघायचे आणि विचारायचे, "हे भरीव लाकूड आहे की भुसा दाबलेलं? आतला गोंद कोणता? रंग पाण्यातला की थिनरमधला?" शेवटी शेवटी ती दिसली की विक्रेते चहा प्यायला निघून जात. पण बापापुढे तिचे प्रश्न संपत. बापाचे नाक म्हणजे शेवटचा शब्द.

आणि ते काही घरचे कौतुक नव्हते. तो ज्या फर्निचरच्या कारखान्यात होता तिथे त्याला नाकवाले काकाच म्हणत. पॉलिश वरून वाळले की नाही हे बोट सांगते; आत मुरलेला दर्प गेला की नाही हे नाकच सांगते. माल तयार झाला की काका खणात डोके घालायचे, कामगार यंत्रे थांबवायचे, आणि काका "गेला" म्हणाले की मगच माल ट्रकवर चढायचा. तीस वर्षे हा नेम.

आता तुम्हाला एक गोष्ट सांगतो, ती त्याने कुणालाच सांगितली नव्हती. ते नाक सहा वर्षांपूर्वीच गेले होते. ज्या थिनरने घर चालवले त्यानेच ते हळूहळू खाल्ले. एकदा अख्खा डबा त्याच्या सदऱ्यावर सांडला. डोळ्यांतून पाणी आले तेव्हा त्याला कळले की थिनर आहे. घाबरला. नाक नाही तर नाकवाल्याला ठेवील कोण? मग त्याने ठोकताळा बसवला. तीन हात पॉलिश, वीस दिवस वारा, की डोके घालायचे आणि "गेला" म्हणायचे. देवाची कृपा म्हणा, ठोकताळा बरोबर यायचा.

पण नातीच्या पलंगाला त्याने तीन हात दिले नव्हते. सात दिले होते. प्रेमच तसे, हात थांबेना. काचेसारखा चकाकत होता पलंग. आणि दिवस मात्र सवयीने वीसच मोजले.

त्या पलंगावर झोपू लागल्यावर दहा दिवसांनी मुंगी खोकू लागली. मग छातीत घरघर. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, औषध दिले आणि विचारले, "खोलीत नवीन काय आणलंत? वास येणारं असेल ते बाहेर काढा."

लेक घरी आली आणि तिने बाहेर काढायला सुरुवात केली.

रविवारी पॉलिशवाला आणि त्याची बायको भेटायला गेले तेव्हा बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. गुंडाळलेला गालिचा, पडदे, पुस्तकांची फळी, रंगीत स्टूल. एका पिशवीत गाठ मारून ठेवलेले कापडी अस्वल.

मुंगी आजोबांजवळ आली. श्वास घेताना तिचे खांदे वर उचलले जात होते. "अस्वल आजारी आहे," ती म्हणाली. "आईनं पिशवीत घातलं. आता ते खोकत नाही."

"आणि तू गं?"

"मी खोकते."

तो आतल्या खोलीत गेला. उघड्या भिंती, उघडी फरशी. मधोमध एकटा पलंग, चकाकत.

"सगळं काढलं, बाबा," मागून लेक म्हणाली. तिचे डोळे जागरणाने सुजले होते. "तरी घरघर थांबत नाही. आता उद्या भिंती खरवडून घेते. पलंग तेवढा ठेवलाय. तो तुम्ही बघितलाय ना."

श्रोतेहो, शिव्या सोसता येतात. असा विश्वास सोसायला छाती लागते. पॉलिशवाल्याने पलंगाच्या कडेवर हात ठेवला. तो गप्प उभा राहिला असता तरी चालले असते. भिंती खरवडल्या गेल्या असत्या, दिवस गेले असते, कधीतरी दर्प उडालाही असता. कुणाला कळले नसते.

"भिंतींना हात लावू नकोस," तो म्हणाला. "पलंग काढ."

"पण तुम्हीच तर..."

"मला वास येत नाही. सहा वर्षं झाली. कशाचाच येत नाही."

लेकीने खाली बसून खण ओढला, आत वाकली आणि चटकन मान बाहेर घेतली. "मला येत होता," ती हळू म्हणाली. "पहिल्या दिवसापासून येत होता. मला वाटलं, माझंच नाक चुकतंय." मग म्हणाली, "मला का नाही सांगितलंत?"

त्याने उघडा खण आत ढकलला. बोलली ती त्याची बायको, दारातून. "त्यांनी मलाही नाही सांगितलं. दूध करपून कोळसा झालं आणि हे शेजारी बसून पेपर वाचत होते, तेव्हाच मी समजले. म्हटलं, लपवतायत तर लपवू दे, माणसाला तेवढी अब्रू असू द्यावी." तिने पदर तोंडाला लावला. "चूक माझीही आहे गं. चल, तू तिकडून धर, मी इकडून."

तिघांनी मिळून पलंग अंगणात नेला.

घरचे निस्तरले, पण गोष्ट इथे संपत नाही. कारखान्यात एका पाळणाघराचे बारा पलंग तयार होते. काकांनी शनिवारीच, त्याच ठोकताळ्यावर, "गेला" म्हटले होते. सोमवारी दुपारी ट्रक यायचा होता. रात्रभर त्याला बारा मुंग्या खोकताना ऐकू आल्या. सकाळी तो थेट मालकांपुढे उभा राहिला आणि सगळे सांगितले.

मालक त्याच्या लेकीच्या वयाचे. त्यांनी हातातली पेन्सिल टेबलावर ठेवली. "काका, वर्षभरात तुम्ही निवृत्त होणार. हे दार लावून माझ्याजवळ बोललात, ते इथंच राहू द्या. मानानं जा की."

"मान घेऊन काय करू, मालक? ट्रक थांबवा."

"गिऱ्हाईक बोंब मारेल."

"मारू दे. मुलं खोकण्यापेक्षा बरं. आणि आजपासून माल कुणा धड नाकाच्या माणसाला दाखवा."

ट्रक थांबला. बारा पलंग वाऱ्यावर गेले. कामगारांत बातमी पसरायला चहाची सुट्टी पुरली. कुणी हसले नाही, पण त्या दिवसापासून नाकवाले काका अशी हाकही कुणी मारली नाही. नुसते काका. त्याला घासकामावर बसवले, जिथे नवी पोरे शिकायला बसतात.

तिथेच महिनाभरात त्याने दुसरा पलंग केला. भरीव लाकूड, ना खिळा ना गोंद. सांधे सुताराने लाकडी खुंट्यांनी जुळवले. घासले मात्र यानेच, इतके की गालावरून फिरवावे. मग थांबला. तीस वर्षांत त्याने एकही लाकूड कोरे सोडले नव्हते. हात आपोआप ब्रशकडे गेला, आणि त्याने तो हात खिशात घातला.

पलंग मुंगीच्या घरी आला, तोवर तिची घरघर थांबली होती. लेक पुढे झाली. बापाकडे एकदा बघितले, लाजली, आणि मग लाजणे बाजूला ठेवून खाली बसली. फळ्यांखाली, सांध्यांत, पायांपाशी, प्रत्येक ठिकाणी तिने नाक लावून बघितले. घाई केली नाही. पॉलिशवाला उंबऱ्यावर हात बांधून उभा राहिला, जसे तीस वर्षे कामगार त्याच्यापुढे उभे राहिले होते.

"चालेल, बाबा," लेक शेवटी म्हणाली. "खिडकीशी ठेवू या."

त्याने मान हलवली आणि एक बाजू उचलली.

एवढीच गोष्ट. आता घरी जाल. कुणाच्या घरात एखादे लेकरू तोंड उघडे टाकून, शांत श्वासाने झोपलेले दिसेल. तेव्हा देवाचे नाव तर घ्यालच. त्याच्या मागोमाग, वेळ असला तर, ट्रक थांबवायला सांगणाऱ्या त्या पॉलिशवाल्याचीही क्षणभर आठवण काढा.