अठरा फूट

सव्वीस जुलैच्या पुरात भाईंदर पूर्वेच्या चंद्रलोक सोसायटीत गुडघाभर पाणी शिरलं, तेव्हा तळमजल्यावरच्या प्रभावती गायकवाडची गादी, मिक्सर आणि लेकीची बारावीपर्यंतची सगळी सर्टिफिकेटं भिजून गेली. महिन्याभराने मीटिंग बसली. तळमजल्याची घरं आणि पॅसेज भर घालून दीड फूट उचलायचा, बाहेर दोन पायऱ्या काढायच्या, असा ठराव आला. सगळ्यांच्या आधी हात वर केला तो प्रभावतीने. पाण्याचा तिने असा धसका घेतला होता की आपल्या घरात चाकाची खुर्ची आहे, हे त्या क्षणी तिच्या ध्यानातच आलं नाही. ध्यानात आलं तेव्हा दोन्ही पायऱ्या बांधून झाल्या होत्या आणि गवंडी वर पाणी मारत होता.

मनाली तिची एकुलती एक. दोन वर्षांची असताना पोलिओने पाय गेले, पण हातांत भलतीच ताकद आली. पायऱ्या नव्हत्या तेव्हा ही पोरगी एकटी खुर्ची हाकत नाक्यापर्यंत जायची, कोथिंबीर आणायची, भाजीवाल्याशी हिंदीत वाद घालून वर कढीपत्ता फुकट घ्यायची. आता दीड फुटावर सगळं अडलं. सकाळी आठच्या आत कुणी दोन माणसं सापडली तर खुर्ची उचलून खाली ठेवायची, संध्याकाळी पुन्हा दोन सापडली तर वर. मधला सगळा दिवस मनाली एक तर पूर्ण बाहेर नाही तर पूर्ण आत. बाहेर राहून करणार काय, लघवीला कुठे जाणार? म्हणून मग आतच. अशी दोन वर्षं गेली.

प्रभावतीचा नवरा वारला त्याला बरीच वर्षं झाली होती. ती हाटकेश भागातल्या एका शिलाईच्या गाळ्यात शर्ट तपासायला जायची. आठला निघायची, साडेसातला परतायची. गळ्यात मेजरटेप, डोळ्यांत दिवसभराचे काज आणि बटणं. दमणं हा आता तिला प्रसंग वाटत नसे, स्वभाव वाटे. तरी तिने सोसायटीला तीन अर्ज दिले. मनालीला ही खुर्ची ज्या केंद्रातून मिळाली, तिथल्या बाईंनी हिशेब सांगितला होता: एक इंच चढाला एक फूट उतार, म्हणजे माणूस आपला आपण चढतो. पायऱ्या अठरा इंच, म्हणजे उतार अठरा फूट. प्रभावतीने टेप लावून जागा मोजली, कागदावर आकृती काढली आणि तिन्ही अर्जांना जोडली. सेक्रेटरी काशीनाथ सुर्वे यांनी तिन्हींवर 'पुढील सभेत विचारार्थ' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं.

सुर्वे वाईट माणूस नव्हता. मूळचा रत्नागिरीचा, चर्चगेटच्या ऑफिसात हेडक्लार्क, गणपतीत सगळ्यांत आधी मंडप बांधायला उभा. पण अठरा फुटांच्या वाटेत त्यांची मारुती उभी असायची. ती फक्त रविवारी बाहेर पडायची, तेही देवळापर्यंत. आठवड्याचे सहा दिवस ती कव्हर पांघरून निवांत झोपलेली असे. तिला चार हात पलीकडे सरकवा असं सुर्व्यांना तोंडावर सांगायची छाती कुणाची नव्हती, आणि त्यांना स्वतःला ते सुचत नव्हतं.

दोन हजार सातच्या दिवाळीनंतर एका संस्थेची स्पर्धा जाहीर झाली. राहण्याची जागा पर्यावरणाला जपणारी हवी, सगळ्यांना सामावून घेणारी हवी आणि दिसायला सुंदर हवी. अशा वस्त्यांना बक्षीस. सुर्व्यांच्या अंगात वारं शिरलं. गच्चीचं पाणी टाकीत सोडलं, मागे ओल्या कचऱ्याचा खड्डा झाला, भिंतीला निळा रंग लागला. मग फॉर्ममध्ये एक रकाना निघाला: वृद्ध आणि अपंग रहिवाशांसाठी केलेली सोय. त्याला तीस गुण होते.

त्याच संध्याकाळी सुर्वे प्रभावतीच्या दारात हजर.

"वहिनी, तुमचं काम झालं समजा. रविवारी गवंडी येतोय."

प्रभावतीला खरंच आनंद झाला. का झालं, कशासाठी झालं, याचा कीस तिने पाडला नाही. होतंय ना, मग होऊ दे. मनालीला तर त्या रात्री जेवण सुचेना. मागच्या गल्लीत कॉम्प्युटर क्लास निघाला होता, अकरा ते एकची बॅच जानेवारीत सुरू होणार होती. अकराला आई कामावर, शेजारी कामावर. पण उतार झाला तर कुणाची गरजच काय?

"आई, मी रोज एकटी जाईन," ती म्हणाली. "तू घरी येशील तेव्हा मी चहा ठेवलेला असेल, आणि तुला सांगायला माझ्याकडे कायतरी असेल."

रविवारी धाकू गवंडी आला. अख्ख्या स्टेशन रोडवरच्या दुकानांपुढे गटारावरून स्कूटर चढवायचे उतार यानेच बांधलेले. हात सफाईचा, काम झटपट. प्रभावती कागद घेऊन त्याच्यापुढे उभी राहिली. त्याने कागद उलटासुलटा पाहिला.

"वैनी, अठरा फूट? सेक्रेटरीसायबांनी सा फूट सांगितलान. पुढं गाडी हाय त्यांची. आनि दीड फुटाला सा फूट लय झाले की. हिरो होंडा गपकन चढते."

"हिरो होंडाला इंजिन असतं, धाकूदादा."

"ता पन खराच," धाकू म्हणाला, आणि सहा फुटांवर दोरी बांधली.

सुर्व्यांना सांगायला जावं तर ते रंगाच्या डब्यांत गुंतलेले. संध्याकाळपर्यंत उतार तयार. चार दिवसांनी त्यावर गेरूचा रंग चढला, रंगावर पांढरी वेलबुट्टी आली. तिसऱ्या मजल्यावरच्या हंसाबेननी हौसेने दोन्ही कडांना जास्वंदीच्या कुंड्या मांडल्या, त्यामुळे धरायला कठडा बांधायची जागाही संपली. दिसायला मात्र उतार इतका देखणा झाला की शेजारच्या सोसायटीची माणसं बघून गेली.

मनालीने पहिल्यांदा चढून पाहिलं तेव्हा खुर्ची दोन फूट वर गेली, थांबली आणि मागे घरंगळू लागली. प्रभावतीने गुडघा मध्ये घातला म्हणून पोरगी वाचली. गुडघ्यावर काळानिळा डाग पडला. मनालीने दुसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदा केलं. चौथ्यांदा तिने चाकांवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"हे माझ्यासाठी नाहीच बांधलेलं," ती म्हणाली.

प्रभावती तशीच लंगडत सुर्व्यांकडे गेली. सुर्व्यांनी ऐकून घेतलं, पाणी दिलं, खरोखर ओशाळले.

"वहिनी, चूक झाली, मान्य. पण परवा परीक्षक येतायत. आता फोडलं तर काय दाखवू? एकदा निकाल लागू दे. गाडी हलवतो, अठरा फूट करून देतो. माझा शब्द. फक्त परवा त्यांच्यासमोर काही बोलू नका."

शब्द देणारा माणूस शब्दाचा वाटत होता. प्रभावतीने मान हलवली. घरी येऊन मनालीला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही हां."

"नको बोलूस. गप्प बस फक्त."

परीक्षक म्हणून एक बाई आल्या, बरोबर फोटो काढणारा एक माणूस. बाई खादीच्या साडीतल्या, शांत, प्रत्येक गोष्ट वाकून बघणाऱ्या. टाकी पाहिली, खड्ड्यातली माती हातात घेऊन हुंगली. मग उताराशी येऊन थांबल्या. मनाली खालीच होती, नवा ड्रेस घालून.

"एकटी चढून दाखवशील?" त्यांनी विचारलं.

मग सुर्वे पुढे झाले. "एकटी कशाला? आम्ही कशाला आहोत?" लगेच आणखी तिघं धावले. रविवार होता, सगळे घरीच. चौघांनी मिळून खुर्ची झपकन वर नेली. बायकांनी टाळ्या वाजवल्या, फोटोवाल्याने फोटो काढले. नाटक म्हणावं तर तेही नव्हतं. त्या घडीला त्या चौघांना मनापासून मदत करायची होती. बाईंचा चेहरा उजळला. पण बाई हुशार होत्या. वर जाऊन त्या मनालीपुढे वाकल्या.

"आणि हे नसतील तेव्हा?"

मनालीने तोंड उघडलं. प्रभावतीला तिच्या घशातला आवाज दिसला म्हणा ना. आणि एका क्षणात पुढचं सगळं दिसलं: गेलेलं बक्षीस, सुर्व्यांचा पडलेला चेहरा, जिन्यात गप्प होणारी माणसं, चौथा अर्ज, पाचवा अर्ज. एवढं पुन्हा पहिल्यापासून ओढायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. गप्प राहायचं ठरलं होतं ते मनालीने. बोलली प्रभावती.

"तिला एकटीला जायची गरजच पडत नाही, मॅडम. सगळे आहेत ना."

बाईंनी वहीत लिहून घेतलं. सावकाश, शब्द न् शब्द. मनालीने आईकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

'सर्वांना सामावून घेणारी वस्ती' या विभागात चंद्रलोकला पहिलं बक्षीस मिळालं. मीरा रोडच्या एका हॉलमध्ये समारंभ झाला. मानपत्र वाचताना बाई म्हणाल्या की काँक्रीट कुणीही ओततं, माणसांचे हात मात्र इथेच दिसले. आणि मग त्यांनी प्रभावतीचं वाक्य तिच्या नावासकट वाचलं. टाळ्या थांबेनात. सुर्व्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रभावतीला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

पंधरा दिवस तिने वाट पाहिली. मग विचारलं.

"वहिनी, आता कसं तोडायचं?" सुर्वे अजिजीने म्हणाले. "बक्षीस मिळालंय तेच या उताराला. त्यांच्या पुस्तकात फोटो छापून येतोय. वर्षभर मूळ रूप बदलायचं नाही, अशी अट आहे, बघा." आणि त्यांनी खरंच कागद काढून दाखवला. खाली सही त्यांचीच होती. सही करताना ती अट त्यांनी वाचली नसणार, याबद्दल प्रभावतीला शंका नव्हती. ज्या माणसाने स्वतःच्या तोंडाने 'गरज नाही' म्हणून सांगितलं, त्याने गरज कोणत्या तोंडाने मागायची?

पुढच्या आठवड्यात प्रवेशाशी संगमरवरी पाटी बसली. वर संस्थेचं नाव, खाली सोनेरी अक्षरांत तिचं वाक्य.

क्लास सुरू झाला त्या दिवशी प्रभावतीने सुट्टी टाकली. पावणेअकराला खुर्ची वरच्या कडेशी आणली, स्वतः पुढे जाऊन, रस्त्याकडे पाठ करून, छातीने भार झेलत, एकेक पाऊल मागे टाकत ती उतरली. एका कुंडीला धक्का लागून ती फुटली.

मागच्या गल्लीतला क्लास म्हणजे रस्त्यालगतचा दुकानाचा गाळा. दाराला एकही पायरी नव्हती. मनालीने आईचे हात बाजूला केले आणि आपली आपण आत गेली. दोन ओळींमधून फिरली, एका कॉम्प्युटरसमोर थांबली, बोटं बटणांवर नुसती टेकवली. क्लासच्या सरांनी रजिस्टर उघडलं. "नाव सांग. रोज कोण सोडणार तुला?"

"कुणी नाही," मनाली म्हणाली. "नाव नका लिहू. मी फक्त बघायला आलेले."

प्रभावती दारात उभी होती. मध्ये पडून, मी आणीन, रोज आणीन, असं म्हणावंसं तिला वाटलं. पण शिलाईच्या गाळ्याचा मालक तिला रोज अकराला कामावरून थोडाच सोडणार होता?

परत आल्या तेव्हा चंद्रलोकमध्ये शुकशुकाट होता. सगळे हात मुंबईला कामाला गेले होते. हंसाबेन गॅलरीतून ओरडल्या, "प्रभाबेन, रुको, किसीको बुलाती हूँ!" त्यांचे स्वतःचे गुडघे तीन मजले उतरण्यातले नव्हते, आणि बोलवायला कुणीही नव्हतं. प्रभावतीने पदर खोचला आणि खुर्चीला खांदा लावला. अर्ध्यात आल्यावर तिचा पाय गेरूवर सटकला. खुर्ची मागे आली तोच मनालीने दोन्ही चाकं घट्ट धरली. दंडाच्या शिरा फुगल्या, पण खुर्ची थांबली.

"मी खोटं बोलले, मनू," प्रभावती तशीच ओणवी होऊन म्हणाली. तिला रडू येत होतं आणि रडायलाही श्वास पुरत नव्हता. "त्या दिवशी. मला नको होतं पुन्हा सगळं."

"हो," मनाली म्हणाली.

तिने मागे वळून पाहिलं नाही. चाकंही सोडली नाहीत.

"दम खा थोडा," ती म्हणाली. "मी धरलंय."

प्रभावती तिथेच, उताराच्या मध्यावर, खुर्चीच्या पाठीला कपाळ टेकवून उभी राहिली. वर पोचायला अजून तीन फूट बाकी होते.