वाचनालयाचा स्लॅब

मोर्शीजवळच्या त्या गावात वाचनालयाचा स्लॅब टाकणं चालू होतं, आणि सकाळी दहालाच माल वर चढवणारी लिफ्ट बंद पडली. मिस्त्री म्हणाला, उरलेलं उद्या पाहू.

"अर्धा सोडला तर जोड राहते, अन् तिथूनच पाणी गळते," दुर्गाबाई म्हणाल्या. तीस वर्षं त्यांनी अकोल्यात बांधकामावर घमेली वाहिली होती. "शिडी लावा. मी माणसं आणतो."

बौद्धवाड्यातली घरंच्या घरं आली. माळ्यांचे गोवर्धनभाऊ वांग्यांची तोडणी टाकून बायका-पोरांसह आले. बँकेतले नागसेन सर पहिलं घमेलं छातीशी धरून उभेच राहिले.

"सर, त्याले कवटाळू नका. आलं की पुढं द्या," दुर्गाबाईंनी शिकवलं.

मग शिडीवरून हातोहात घमेली चढू लागली. दुपारी खांदे भरून आले, सरांचे तळहात सोलले, पण रांग काही मोडली नाही.

पाच वाजता शेवटचं घमेलं वर गेलं. मिस्त्रीनं फळी फिरवली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. दुर्गाबाई समोरच्या ओट्यावर चहा घेऊन बसल्या. रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून त्या वर बोट दाखवत होत्या.

"पाहा, हा आमी टाकला."