माझी सवत फ्रिजमध्ये

मी डंबेल बोलतोय. बिडाचा, दहा किलोचा आणि आधीच सांगून टाकतो, जळकुट्या स्वभावाचा. तुम्ही म्हणाल, लोखंडाला कसला आलाय मत्सर? मलाही पूर्वी तसंच वाटायचं. मग आमच्या घरातल्या फ्रिजच्या दारात, लोण्याशेजारच्या कप्प्यात, बोटभर उंचीची एक काचेची कुपी येऊन बसली, आणि सवतीमत्सर कशाला म्हणतात ते मला बसल्या जागी कळलं.

पण जन्मापासून सांगतो. ओतशाळेत वितळलेलं बीड वाळूच्या साच्यांत ओतलं आणि आम्ही जुळे जन्मलो. माझ्या जुळ्या भावाच्या पोटात हवेचा बुडबुडा राहिला म्हणून तो पुन्हा भट्टीत गेला. मी धडधाकट निघालो, पण एकटा पडलो. एकट्या डंबेलला कोण विचारतो? खेळाच्या सामानाच्या दुकानात, फुटबॉलच्या जाळ्यांमागे, मी धूळ खात पडलो होतो.

तिथून मला उचललं ते काडीने. त्याचं खरं नाव घरात कुणी घेत नाही. लहानपणापासून हाडांचा सापळा, म्हणून काडी. त्याच्या वडिलांचं काचा आणि आरशांचं दुकान आणि त्याच्याच मागे यांचं राहतं घर. काडीने मला तिथवर छातीशी धरून आणलं, वाटेत चार वेळा खाली ठेवलं. वडील म्हणाले, "हा याला उचलणार की हे याला?" सगळे हसले. मला मात्र त्या मुठीचा घाम आवडला.

जोडी नसल्यामुळे त्याच्या दोन्ही हातांवर माझा एकट्याचा हक्क होता. आधी उजवा, मग डावा. दुकान उघडायच्या आधी, मागच्या खोलीत, खाटेच्या कडेला बसून तो मला उचलायचा. सुरुवातीला दात-ओठ खायचा. पुढे पुढे श्वासही फुलेना.

मी काही जादू करत नव्हतो. मी फक्त त्रास देतो. माझ्या वजनाने दंडातले बारीक धागे जरा उसवतात, एवढंच माझं काम. मग तो झोपला की मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी ग्रंथी वाढीचं हार्मोन सोडते. यकृत आणि खुद्द स्नायू वाढीचे घटक तयार करतात, पेंगणाऱ्या पेशी जाग्या होतात आणि उसवलेल्या जागी पहिल्यापेक्षा जाड शिवण बसते. ही नावं मी फार पुढे ऐकली. तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं की मी उसवतो आणि आतून कुणीतरी शिवून ठेवतं. त्या शिवणाऱ्याचा मला कधी हेवा वाटला नाही. तो घरचाच होता.

काडीचं लग्न झालं तेव्हा मात्र वाटला, खोटं कशाला बोलू? पण त्याची बायको खाटेखाली झाडायची तेव्हा मला फडक्याने पुसून पुन्हा भिंतीला लावून ठेवायची. असा मान देणाऱ्या माणसावर किती दिवस जळणार? आमचं जमलं.

आता या घराच्या धंद्याची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरूनच घडलं. काच वाहून नेताना हे लोक हातमोजे घालतात. पण आरसा भिंतीवर किंवा घोडीवर बसवायचा शेवटचा क्षण आला की वडील मोजे काढायला लावतात. काच तडकण्याआधी किंचित थरथरते आणि ती थरथर उघड्या बोटांनाच कळते, असं त्यांचं म्हणणं. डोळ्यांवर भरवसा ठेवणारा काचवाला लवकर लंगडा होतो, असंही ते म्हणत. काडीची बोटं या कामात वडिलांच्या तोडीची झाली होती. त्या बोटांना खरबरीत मुठीची सवय कुणी लावली, हे मी सांगायला नको.

पण दिवसभर आरशांत वावरणाऱ्या माणसाचं एक दुखणं असतं. जिकडे वळावं तिकडे तोच दिसतो. काडीचा दंड छान भरला होता, पण एका टप्प्यावर येऊन थांबला. मी म्हणेन, शरीर हुशार, त्याला पुरेल तेवढंच ते शिवतं. काडीला ते पटेना. आरसा पुसता पुसता तो बाही वर करून बघायचा आणि तोंड पाडायचा. गिऱ्हाईक नसलं की वडील विचारायचे, आरसा विकायचाय की पाठ करायचाय?

अशात एकदा फुग्या आला. फुग्या हा काडीचा शाळेतला सोबती. पूर्वी याच्याइतकाच किडकिडीत होता, आता दारातून आडवा होऊन आत येत होता. त्याने खिशातून ती कुपी काढली आणि काडीला समजावून सांगितलं. ते डंबेल मारून मारून शरीर जे थेंबभर बनवतं, तेच हे आयतं, बाहेरून. वाढीचं हार्मोन. हे आत गेलं की यकृताला हुकूम सुटतो, यकृत वाढीचा घटक सोडतं आणि स्नायूला वाढण्यावाचून गत्यंतर राहत नाही. पोटाच्या चामडीत बारीकशी सुई, दुखतसुद्धा नाही. मग खाटेखाली मला पायाने ढकलत तो म्हणाला, "याने काय होतंय? हे तर म्हातारे लोक पाठदुखीला उचलतात."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण काडी हसला. माझ्या बाजूने एक शब्द बोलला नाही.

बायकोला त्याने सांगितलं की व्हिटॅमिनची सुई आहे, थंड ठेवावी लागते. तिने भोळेपणाने लोणी सरकवून जागा करून दिली. मी जमिनीवर आणि ती गारव्यात. मला हातातून धपकन सोडायचा, तिला दोन बोटांत अशी धरायचा की जणू तान्हं मूल. मी सगळं खाटेखालून बघत होतो. माझ्यासारख्याने बघू नये ते बघत होतो.

आणि दंड वाढला. ते नाकारून कसं चालेल? दुकानात येणारे जाणारे थबकू लागले. काडी, अरे खातोस काय, असं विचारू लागले. काडी लाजायचा आणि सगळं श्रेय मनातल्या मनात त्या कुपीला द्यायचा. इतकी वर्षं मी घासलो, आणि ही म्हणजे आयत्या बिळावर नागोबा! पण मला एक गोष्ट कळत होती, जी आरशांना दिसत नव्हती. दंड फुगला तरी मी त्याला हलका वाटत नव्हतो. पूर्वी जितक्यांदा उचलायचा तितक्यांदाच उचलत होता. ती वाढ ताकदीची कमी आणि पाण्याची जास्त होती. मूठ ओळखणाऱ्याला दंड फसवू शकत नाही.

मग ती मूठही बदलली. सकाळी उठला की काडी हात झटकायचा. अंगठा आणि शेजारच्या बोटांना मुंग्या येत. मला धरायचा, पण पूर्वीसारखं घट्ट नाही. कुणी चोरून दुसऱ्याचा हात हातात घ्यावा, तशी ती पकड परकी झाली होती. एका सकाळी मी सरळ निसटलो आणि फरशीचा कोपरा उडाला.

आवाज ऐकून वडील धावत आले. त्यांनी काडीचा पंजा उलटासुलटा करून पाहिला, माझ्या दांड्यावरून बोट फिरवलं आणि निकाल दिला. "या खरबरीत लोखंडाने बोटांची वाट लावली. काचवाल्याची बोटं आहेत ती, हमालाची नाहीत. आजपासून हे बंद."

मी काडीकडे बघत राहिलो. त्याला ठाऊक होतं. फुग्याने कुपी देतानाच सांगितलं होतं की सुरुवातीला हाताला मुंग्या येतात, घाबरू नकोस. एक वाक्य बोलला असता तर पुरे होतं. पण ते बोलला असता तर कुपी गेली असती. काडी मान खाली घालून म्हणाला, "बरं, बाबा."

चोर सोडून संन्याशाला फाशी. तिला वाचवायला त्याने मला दिलं. इतकी वर्षं सोबत काढलेल्याच्या पोटात असं काही तुटतं, की ते कुठलंही हार्मोन शिवू शकत नाही.

मला दुकानाच्या दाराशी आणून ठेवलं. ते दार जड काचेचं, वाऱ्याने आपटायचं. त्याला अडवायला मी. येणारा प्रत्येक जण मला ठेचकाळून शिवी देऊन आत जायचा. काडी मात्र माझ्याकडे न बघता ओलांडून जायचा.

मी दाराशी, तरी बोटं काही सुधारेनात. उलट त्याच्या हातून चहाचा पेला सुटू लागला. वडील म्हणत, लोखंडाची बाधा आहे, उतरायला वेळ लागेल.

पुढे एका केशकर्तनालयाने माणसापेक्षा उंच आरसा मागवला. तो कापून, कडा घासून तयार झाला आणि बाहेर टेम्पोकडे न्यायच्या आधी बापलेकांनी दुकानातल्या घोडीवर, म्हणजे लाकडी स्टँडवर, उभा करायचा ठरवला. रीतीप्रमाणे दोघांनी मोजे काढले. वडील म्हणाले, "थरथरतोय, तुझी बाजू सैल कर." काडी नुसता उभा. त्याच्या बोटांना थरथर कळलीच नाही. आरसा त्याच्या हातून घसरला आणि वडिलांच्या बाजूला झुकला. त्यांनी सवयीने तो अडवायला हात पुढे केला.

ते मी पाहिलं. काचेचे तुकडे माझ्यापर्यंत उडत आले. वडिलांच्या मनगटापासून कोपरापर्यंत लाल रेघ उमटली, आणि ते म्हणत राहिले, काही नाही, फडकं आण.

वडिलांच्या हाताला टाके घालून घेऊन दोघे परतले तेव्हा काडी मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसला. दुकानाचं ते मधलं दार उघडंच होतं, त्यामुळे पुढचं मला सगळं दिसलं आणि ऐकू आलं. बायको त्याचे बूट काढत होती आणि ते निघत नव्हते. लग्नातले बूट, तेव्हा सैल होत होते म्हणून तिने आत कापूस घातला होता. तिने कापूस कधीच काढून टाकला होता, तरी पाय अडकला होता. तिने त्याच्या बोटातल्या अंगठीकडे पाहिलं. तीही मांसात रुतली होती.

ती शांतपणे म्हणाली, "डंबेल तू हातानेच उचलत होतास ना?"

"हो."

"मग बूट का घट्ट झालेत?"

ती उठली, फ्रिज उघडला आणि कुपी त्याच्यासमोर जमिनीवर ठेवली. "व्हिटॅमिनने पाय वाढतात का, तेवढं सांग." तेव्हा तो रडला. वडिलांसमोर, पट्टी बांधलेल्या त्या हातासमोर, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "बाबा, डंबेलचा काही दोष नव्हता. मी गप्प बसलो."

मी दाराशी होतो. मला छाती नाही, पण असती तर त्या वेळी फुगली असती, आणि तेही कुणाच्या सुईशिवाय.

डॉक्टरीणबाईंनी कुपी पाहून कपाळाला हात लावला. त्यांचं बोलणं बायकोने घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. हार्मोन हे एका घरी टकटक करून परत फिरत नाही, ते गल्लीभर ओरडत जातं. त्याने स्नायूला 'वाढ' म्हटलं, तसंच चामडीला म्हटलं, हाडांना म्हटलं, काळजालाही म्हटलं असतं. मनगटात एक अरुंद बोळ असतो, त्यातून बोटांची नस जाते. तो बोळ सुजला आणि नस चेपली गेली. वेळेत थांबलात, बहुतेक संवेदना परत येईल, पण घाई करू नका. कुपी त्यांनी ठेवून घेतली.

सवत गेली. मी सुखी झालो असेन, असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही वाटलं होतं. पण काडीचा दंड उतरला. लोक विचारू लागले, आजारी होतास का? आणि अजूनही तो पाणी प्यायला फ्रिज उघडतो, तेव्हा लोण्याशेजारच्या त्या रिकाम्या जागेकडे क्षणभर बघतो. जिवंत असताना तिने जितकं जळवलं नसेल तितकं ती आता जळवते. रिकाम्या जागेशी कशी स्पर्धा करायची? तिला गंजही चढत नाही.

माझ्या दांड्यावर गंज चढलाय. मला जागा बदलून नको, तेलपाणीही नको. जे कुणी घाईत असतील त्यांना एवढंच सांगणं आहे, की आमच्यासारखे हळू चालणारे खाटेखाली पडलेले असतात, आम्हाला पायाने ढकलू नका. आम्ही थोडंच देतो, पण ज्याला देतो त्याचंच ते असतं.

काल दुकान बंद करताना काडी मला बाजूला करायला वाकला. रोज न वाकता पायाने सरकवतो. काल त्याने हात घातला. आधी नुसती बोटं दांड्यावर फिरवली, एकेक खाच तपासल्यासारखी. अंगठा थोडा चाचरत होता. मग मूठ मिटली. ती जुनी मूठ. थोडी ढिली, पण माझी.

त्याने मला उचललं आणि बाजूला ठेवलं. दारासाठी एवढं पुरे होतं. पण तो तिथेच उभा राहिला, मागे वळून कुणी बघत नाही ना ते पाहिलं आणि मला पुन्हा उचललं. कोपर बरगडीला लावून, हळूहळू, खांद्यापर्यंत.

मागे दार वाऱ्याने धाडकन आपटलं. आतून वडील ओरडले, "दाराचं अडण कुणी काढलं रे?"

काडीने मला उजव्या हातातून डाव्या हातात घेतलं. आता जळायची पाळी दाराची आहे.