पूल बांधणाऱ्या कंपनीचं टेबल

मेम्फिसच्या एका विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकणाऱ्या काळ्या मुलामुलींची संघटना होती. जॅनेल प्रुइट तिची अध्यक्ष. गणितात आपटून घरी निघालेल्या कितीतरी पोरांना संघटनेच्या अभ्यासवर्गानं परत उभं केलं होतं. जॅनेल त्यांतलीच एक. हा अभ्यासवर्ग पूल बांधणाऱ्या एका कंपनीच्या देणगीवर चाले. त्यामुळे नोकरी मेळाव्यात त्या कंपनीच्या टेबलाशी उभं राहायला तिला नाही म्हणता आलं नाही.

मागचा उन्हाळा तिनं त्याच कंपनीत काढला होता. आराखड्याला कुणी हात लावू दिला नाही. पाहुणे आले की हेल्मेट घालून तिला पुढे करायचे, ते गेले की पुन्हा झेरॉक्सच्या मशीनपाशी. तक्रार केली तर वरचे साहेब हसून म्हणाले, धीर धर. आता कंपनीनं पक्की नोकरी देऊ केली होती, पण ती नाकारायची असं तिनं मनाशी ठरवलं होतं. घरी मात्र अजून सांगवलं नव्हतं. आई चर्चमध्ये भेटेल त्याला लेकीच्या नोकरीचं सांगत सुटली होती.

मेळाव्यात कंपनीचे हॉल्बर्टसाहेब तिच्या शेजारीच बसले होते. पोरं येऊन विचारत, तिथं कसं आहे? "शिकायला मिळतं," जॅनेल म्हणे, आणि माहितीपत्रक पुढे सरकवे.

दुपारी ब्रिआ आली. पहिल्या वर्षापासून तिचा अभ्यास जॅनेलनंच घेतलेला. साहेब कॉफी आणायला उठताच जॅनेलनं तिला बाजूला ओढलं आणि उन्हाळ्यात काय झालं ते सगळं सांगून टाकलं.

ब्रिआ म्हणाली, "ठाऊक आहे मला. माझा मामेभाऊ होता ना तिथं, वर्षभरही टिकला नाही. पण तो एकटा पडला गं."

"मग कशाला नाव देतेस?"

"तू आहेस म्हणून. तुझ्या आईनं चर्चमध्ये सांगितलं ना. माझी आई नकोच म्हणत होती. म्हटलं, जॅनेल आहे, ती बघेल माझ्याकडे. तेव्हा कुठे कबूल झाली. तू जाणारच आहेस ना?"

नाही हा शब्द जॅनेलच्या ओठांवर आला होता. तेवढ्यात साहेब कप घेऊन परतले आणि हसत दोघींकडे बघू लागले. ब्रिआची नजर तिच्यावरून हलेना.

"जाणार आहे," जॅनेल म्हणाली.

ब्रिआनं नाव दिलं. जाता जाता म्हणाली, रविवारी प्रार्थना आटोपली की भाड्याच्या खोल्या बघू, दोघींना पुरेल अशी एखादी. जॅनेलनं त्यालाही मान डोलावली आणि रांगेतल्या पुढच्या मुलाकडे वळली.