राजाभाऊंची अमेरिका

आखातातल्या रोल्ला भागातल्या मराठी वाचक मंडळाची एक रीत होती: गेलेल्या माणसाच्या लेखनाला नावं ठेवायची नाहीत. मुग्धाला नेमकी तिचीच धास्ती होती. तिचे वडील राजाभाऊ यांनी जन्मभर रास अल खोरच्या गोदामात नोकरी केली, उरलेल्या वेळात अमेरिकन प्रादेशिक कथा वाचल्या आणि जाताना स्वतः लिहिलेली एकच कथा मागे ठेवली. ती छापावी की कपाटात राहू द्यावी, हे मुग्धाला ठरवायचं होतं. त्यासाठी खरं मत हवं होतं. आणि वडील जाऊन वर्षही न झालेल्या मुलीला खरं मत कोण देणार?

म्हणून तिने थाप मारली. या महिन्याचा विषय होता अमेरिकेतल्या प्रादेशिक आणि निसर्गवादी कथा. "मेन राज्याच्या किनाऱ्यावरच्या एका विसरल्या गेलेल्या लेखिकाबाईंची गोष्ट आहे. अनुवाद माझा," असं साळसूदपणे सांगून तिने आभाताईंच्या हॉलमध्ये वाचायला घेतलं.

बर्फ, होड्या, वादळ. मुलगा समुद्रात गमावलेली म्हातारी मार्था, आणि तिच्यासाठी सूप आणणारी शेजारीण.

वाचन संपताच उपेंद्रकाकांनी चष्मा सरसावला. राजाभाऊंचे हे जुने मित्र, जिभेने तिखट.

"वादळ फार लांबलंय. आणि निसर्गवाद म्हणजे परिस्थिती माणसाला चिरडते, त्याचं काही चालत नाही. ही म्हातारी तर शेवटी समुद्रालाच दम देते! काही लॉजिक? बाई पात्राला वाचवायला धावल्या."

मुग्धाला मनातल्या मनात गुदगुल्या झाल्या. "अजून सांगा ना, काका."

"पण प्रादेशिक म्हणून फर्स्ट क्लास हं. गावचं वारं, मासे, बोलणं, सगळं अस्सल. बाई जन्मभर तिथेच राहिल्या असणार."

"कुठल्या तिथे राहतायत!" प्लेटा गोळा करता करता आभाताई थांबल्या. "ती मार्था शेजारणीचं भांडं परत देताना त्यात साखर का घालते?"

"का म्हणजे? रिकामं कसं देणार?"

"रिकामं देत नाही ते आपण! मेनच्या कोळणीला हे कुणी शिकवलं?"

मुग्धाने कथा कितीदा वाचली होती; साखर तिलाही कधी खटकली नव्हती. काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग कागदांकडे.

"राजा! गोदामातल्या उकाड्यात बसून बर्फ पाडत होता होय!"

मुग्धाने मान हलवली. काका ताडकन उठले. "अगं, मग आधी नाही का सांगायचं? उत्तम आहे कथा. ते वादळ तर फारच..."

"खलास, काका! आता गोड बोलायचं नाही. वादळ लांबलंय म्हणालात."

"ते मी त्या बाईंना म्हणालो."

"मग बाईंनाच सांगा."

काकांनी मदतीसाठी आभाताईंकडे पाहिलं. त्या प्लेटा घेऊन सरळ आत निघून गेल्या. शेवटी काका बसले आणि त्यांनी कागद पुढ्यात ओढले.

"हे अख्खं पान उडव. सांगितलं असतं तर ऐकलं असतं का याने? हट्टी मेला!" त्यांचा आवाज चढू लागला. "आणि राजा, हा कसला रे शेवट? अरे, समुद्र कुणाच्या बापाचं ऐकतो का?"

बाबा गेल्यापासून सगळे त्यांच्याविषयी चांगलंच बोलत आले होते. त्यांच्याशी भांडायला बसलेला हा पहिलाच माणूस. मुग्धाने पर्समधली पेन्सिल काढून काकांच्या हातात दिली.

"वादळ कापा हवं तेवढं," ती म्हणाली. "पण म्हातारी जिंकणार. छापतानाही."